लियोंची दोन रिटर्न तिकिटं

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ट्रेनने फिरायचं की कार भाड्याने घेऊन, हा वाद आमच्या वारज्याच्या घरात दोन महिने चालला. तेवढ्या वेळात सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली, पुन्हा बिघडली आणि पुन्हा दुरुस्त झाली. घरात आम्ही दोघंच, मी आणि नवरा. मुलगी खराडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते. ती रविवारी जेवायला येते आणि येताना मतं घेऊन येते.

नवऱ्याला ट्रेन हवी होती आणि मला कार. इथेच सगळे चक्रावले, कारण लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी मी याच्या शेजारच्या सीटवर निवांत बसलेली नाही. पायाखाली नसलेला ब्रेक दाबत आणि "अहो, ट्रक, ट्रक" म्हणत मी महाबळेश्वरपासून तुळजापूरपर्यंतचा महाराष्ट्र पाहिला आहे. त्याने मात्र तीस वर्षं वारजे ते चिंचवड असा कारखान्याचा रस्ता रोज स्वतः गाडी चालवत कापला होता. निवृत्तीनंतर त्याची एकच इच्छा होती. "आता दुसऱ्या कोणीतरी चालवावी आणि मी खिडकीतून गाई बघाव्यात," असं तो म्हणायचा. गाई त्याला इथेही सर्व्हिस रोडवर भरपूर दिसतात, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, त्या गाई त्याच्याकडे बघतात, त्याला त्यांच्याकडे बघायला वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट होती. मी फ्रेंचची शिक्षिका. कोथरूडच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं फ्रेंच शिकवून मागच्याच वर्षी निवृत्त झाले. फ्रेंच येणाऱ्या बाईने ट्रेनने जाऊ, लोकांत मिसळू, गप्पा मारू असं म्हणायचं आणि येत नसणाऱ्या नवऱ्याने कार मागायची, असा साधा हिशेब सगळ्यांनी मनात मांडला होता. मी कार म्हटलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आर यू ओके?"

मी ओके होते असं नाही. पण ते नंतर.

पुण्यात मुलं फ्रेंच का घेतात हे फ्रान्समधल्या लोकांना कळलं तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल. आमच्याकडे फ्रेंच ही भाषा नसून स्कोअरिंगचा विषय आहे. आठवीत मूल संस्कृत घेणार की फ्रेंच, यावर घराघरात चर्चा होतात आणि त्यात फ्रान्स हा शब्द एकदाही येत नाही. पालकसभेला एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मॅडम, आपण बोलण्याबिलण्याच्या फंदात पडू नका, फक्त पेपरचं बघा." मी पेपरचंच बघत आले. पाठ घ्यायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, संवाद पाठ करून घ्यायचे. आमच्या पुस्तकातला चौथा पाठ होता 'स्टेशनवर'. त्यात टोपी घातलेला एक गृहस्थ तिकीटखिडकीशी जातो, नमस्कार म्हणतो आणि लियोंची दोन रिटर्न तिकिटं मागतो. आतला कारकून विचारतो, पहिला वर्ग की दुसरा? गृहस्थ म्हणतो, दुसरा. कारकून फलाट सांगतो, गृहस्थ आभार मानतो, कारकून शुभ प्रवास म्हणतो. संपला पाठ. पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, पण तो गृहस्थ अठ्ठावीस वर्षं लियोंलाच जात राहिला. दर वर्षी चार तुकड्या, प्रत्येक तुकडीत एक मुलगी कारकून आणि एक प्रवासी, मध्ये पुठ्ठ्याची खिडकी. माझ्या लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही मी चौथाच पाठ घेत होते. दुसरा वर्ग म्हणून झालं आणि मी फळ्याला हात टेकला.

तर इतकं फ्रेंच माझ्या तोंडात होतं. त्याची खऱ्या माणसाशी गाठ फक्त एकदा पडली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला कोणाच्या तरी ओळखीने एक फ्रेंच पाहुणे आले होते. मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने मला पुढे केलं. भोवती माझ्या नववीच्या पंधरा-वीस मुली, मॅडम आता फ्रेंच बोलणार म्हणून डोळे मोठे करून उभ्या. पाहुणे भराभर काहीतरी म्हणाले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी हसून म्हटलं, "वी, वी, मेर्सी!" म्हणजे हो हो, आभारी आहे. ते जरा गोंधळले, पुन्हा तेच म्हणाले. मी पुन्हा हो हो म्हटलं. मग त्यांनी इंग्रजीत शांतपणे विचारलं, टॉयलेट कुठे आहे?

मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी त्यांना दटावलं असतं आणि विषय संपला असता. त्या जमिनीकडे बघू लागल्या. त्या दिवसापासून माझ्या मनात एक घाबरट प्रश्न बसला की आपण इतकी वर्षं शिकवतोय ती भाषा खरंच आहे का? की आपण फक्त पेपरची एक भाषा तयार केली आहे, जी खराडी ते वारजे एवढ्याच पट्ट्यात चालते? कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. निवृत्तीच्या समारंभात मला आयफेल टॉवरची पितळी प्रतिकृती दिली, ती मी शोकेसमध्ये कपबशांच्या मागे ठेवली.

म्हणून मला कार हवी होती. कारमध्ये कोणाशी बोलावं लागत नाही. रस्ता फोन सांगतो, पेट्रोल यंत्र भरतं, काच वर केली की फ्रान्स बाहेर. ट्रेनमध्ये मात्र पदोपदी माणसं. अर्थात हे मी सांगितलं नाही. मी सांगितलं ते असं: कार असली की वाटेल तिथे थांबता येतं, सूर्यफुलांच्या शेतात उतरता येतं, एखादं चीज आवडलं तर मागच्या सीटवर टाकता येतं, आणि खेड्यांतून दिवसाला दोनच ट्रेन असतात, एक चुकली तर बसा गवत मोजत. मुद्दे बिनतोड होते. शिक्षिका आहे मी, मुद्दे मांडता येतात.

नवऱ्याने स्वभावाप्रमाणे एक्सेलमध्ये तक्ता केला. मुलीने पंच व्हायचं कबूल केलं. तिचं म्हणणं ट्रेनच्या बाजूने होतं. "पॅरिसहून लियोंला दोन तासांत पोचतात, आई. मला खराडीहून इथे यायला दीड तास लागला. ट्रेन इज द ओन्ली सेन्सिबल ऑप्शन." मी म्हटलं, आपण लियोंला जात नाही आहोत, डोंगरातल्या एका गावात जातो आहोत. ते गाव मध्य फ्रान्समधलं. तिथे एक बाई शेतावरच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मुलीने इंटरनेटवर शोधून त्यातली एक आठवड्याभरासाठी ठरवली होती.

शेवटी नवरा विरघळला. ही कधी काही मागत नाही, मागतेय तर देऊन टाकावं, असं त्याला वाटलं असणार. त्याने जाऊन रीतसर इंटरनॅशनल लायसन्स काढून आणलं. मग सराव सुरू केला. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. त्याने हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडल्या, स्वतः डावीकडच्या खुर्चीत बसला, हातात पोळ्यांच्या डब्याचं झाकण घेतलं आणि मला उजवीकडे बसवलं. रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटं आम्ही असे फ्रान्समध्ये हिंडायचो. मी खालचा ब्रेक दाबायची ती दाबायचीच. रस्त्यावरचा सरावही करावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण उजव्या बाजूने चालवायचा सराव सर्व्हिस रोडवर आधीच इतके लोक करत असतात की याला जागाच मिळाली नसती.

मला त्या झाकणाकडे बघून अपराधी वाटायचं. माणूस खिडकीतल्या गाई सोडून माझ्यासाठी झाकण फिरवत होता.

मग तो रविवार आला. शेतघराच्या बाईंनी फ्रेंचमध्ये ईमेल पाठवला होता की गावाचा रस्ता जरा अवघड आहे, मी रविवारी दहा वाजता फोन करून समजावून सांगते. त्यांचे दहा म्हणजे आपले दीड. ईमेल मला पूर्ण कळला. लिहिलेलं मला सगळंच कळतं, तेवढा अभिमान मी बाळगून आहे. पण फोन या शब्दापाशी मी अडले आणि तो ईमेल मी कोणाला दाखवलाच नाही. मनात म्हटलं, विसरतील.

त्या विसरल्या नाहीत. रविवारी बरोबर दीडला आम्ही तिघं पानावर बसलो होतो. मटकीची उसळ वाढून झाली होती आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. परदेशातला नंबर. मी ताडकन उठले, "कुकर बघते," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. कुकर कधीच उतरवलेला होता. मी नळ सोडला आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

बाहेर नवऱ्याने फोन उचलला. "हॅलो... येस, येस... अगं, त्या फ्रेंच बाई आहेत!" मी नळ आणखी मोठा केला. त्याने दोनदा हाक मारली. मग मला ऐकू आलं ते असं: "वी. वी, मादाम. वी, वी. ट्रेन? वी! मेर्सी!" मधूनमधून तो मोठ्याने हसतही होता. दोन मिनिटांनी फोन ठेवून तो दारात आला, उष्टा हात वर धरून.

"काहीतरी ठरवून टाकलंय मी," तो म्हणाला. "काय ते मला माहीत नाही. पण बाई खूश झाल्या."

संध्याकाळी ईमेल आला. बाईंनी लिहिलं होतं, तुमचे यजमान फारच लाघवी आहेत, तुम्ही ट्रेनने येणार हे ऐकून आनंद झाला, जंक्शनवरून आमच्या गावची लहान ट्रेन घ्या, मी अडीच वाजता गावच्या स्टेशनवर उभी असेन. मी तो वाचून दाखवला. मुलगी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. नवरा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे ट्रेन. बाईंचा शब्द मोडायचा नाही."

तेव्हा मी रडले. मलाच नवल वाटलं. दोघं घाबरले, त्यांना वाटलं कार गेली म्हणून. मग मी सगळं सांगितलं. नववीच्या मुली, टॉयलेट, पुठ्ठ्याची खिडकी. तिथे जाऊन मी तोंड उघडलं आणि समोरच्याला काहीच कळलं नाही तर माझी अठ्ठावीस वर्षं खोटी ठरतील, हे सांगितलं. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. सांत्वन हा नवऱ्याचा प्रांत नव्हे.

"मला त्यांच्या भाषेतले दोन शब्द येतात," तो म्हणाला. "मी दोन्ही बोललो. तुला हजारो येतात आणि तू पातेलं घासत होतीस. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पोरांना पेपर दिलेस ना? आता एक तू दे."

मला राग आला. राग आला म्हणजे त्याचं बरोबर होतं.

तर ट्रेन ठरली. मुलीने पॅरिसपासून जंक्शनपर्यंतची तिकिटं फोनवर काढून टाकली आणि शेवटचं, जंक्शन ते गाव एवढं पंचवीस मिनिटांचं तिकीट मुद्दाम ठेवलं. "ते तू खिडकीवर काढायचंस, आई. नो चीटिंग." खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या, पण आता स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या सरकत्या खिडकीपाशी. आत नवरा कारकून म्हणून बसायचा, बाहेर मी. चौथा पाठ सुरू. त्याला फ्रेंच येत नसल्याने तो मराठीत विचारायचा आणि मी फ्रेंचमध्ये उत्तर द्यायची. नमस्कार, लियोंची दोन रिटर्न, दुसरा वर्ग. तो म्हणायचा, "आधारची झेरॉक्स जोडा. दोन प्रती." मी चिडायची. तो म्हणायचा, "फ्रान्समध्येही सरकारी कारकूनच असणार ना?"

मुलीने एका रविवारी हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, "पण तू लियों का म्हणतेयस? आपल्या गावाचं नाव म्हण ना."

"नावच तर बदलायचंय," मी म्हटलं. "तेवढं मला येतं."

जूनमध्ये आम्ही गेलो. पॅरिसचं काही सांगत नाही, पॅरिस सगळ्यांनी पाहिलेलं असतं, न गेलेल्यांनी तर जास्तच. तिथे मी हॉटेलात आणि दुकानात बोंजूर आणि मेर्सी यापलीकडे गेले नाही. लोक लगेच इंग्रजीत येत आणि मी सुटकेचा निःश्वास टाकत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही त्या जंक्शनवर उतरलो. जंक्शन म्हणजे चार फलाट आणि कुंड्यांमध्ये लाल फुलं. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की तिकिटाचं यंत्र असू दे. बहुतेक लहान स्टेशनांवर आता यंत्रंच असतात, असं मी वाचलं होतं. यंत्र होतं. त्याच्यावर कागद चिकटवला होता, बंद आहे. शेजारी खिडकी होती आणि ती उघडी होती.

"जा," नवरा म्हणाला आणि फोटो काढायला चार पावलं मागे सरकला.

खिडकीत टोपीवाला कारकून नव्हता. निळी नखं रंगवलेली एक तरुण बाई होती. पाठात 'मस्यू' आहे, आपल्याला 'मादाम' म्हणायला हवं, एवढं माझ्या डोक्यात चमकलं आणि मी त्या एका शब्दाला घट्ट धरून पुढे गेले. "बोंजूर मादाम," मी म्हटलं. आणि मग सगळं आपोआप बाहेर आलं, एका दमात, अडखळल्याशिवाय. तिने मान डोलावली आणि विचारलं, पहिला वर्ग की दुसरा? अगदी त्याच शब्दांत! मी म्हटलं, दुसरा. तिने तिकिटं छापली आणि म्हणाली, फलाट दोन, अकरा मिनिटांनी. मला प्रत्येक शब्द कळला. मी आभार मानले. ती म्हणाली, शुभ प्रवास. पाठ संपला.

मी मागे वळले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तिला कळलं होतं! पुठ्ठ्याच्या खिडकीतलं माझं फ्रेंच खऱ्या खिडकीत चाललं होतं. चार तुकड्या, अठ्ठावीस वर्षं, सगळ्या मुली डोळ्यांपुढे आल्या आणि त्या आता जमिनीकडे बघत नव्हत्या. नवऱ्याने माझा हात हातात घेतला, भर स्टेशनात, जे तो स्वारगेटला कधीही करणार नाही. तिकिटं मी दोघांच्या पासपोर्टांबरोबर पर्समध्ये ठेवली. फलाट दोनवर ट्रेन आली, आम्ही बसलो, त्याला खिडकी दिली. त्याच्या गाई लगेच सुरू झाल्या. पांढऱ्या, धष्टपुष्ट, कोणाकडेही न बघणाऱ्या.

पंचवीस मिनिटं झाली. गाव आलं नाही. चाळीस झाली. नवऱ्याने गाईंवरून नजर काढून फोनवरचा नकाशा उघडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

"तिकिटं दाखव बरं," तो म्हणाला.

मी दाखवली. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग तिकीट माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं, लियों. दोन. रिटर्न. दुसरा वर्ग.

तिला कळलं नसतं तर बरं झालं असतं. तिला माझा शब्द न् शब्द कळला होता.

"अठ्ठावीस वर्षं तो गृहस्थ तिथे कशाला जातो ते एकदा बघून तरी येऊ," नवरा म्हणाला. तो हसायला लागला, मीही हसले, समोरची म्हातारी बाई काही न कळता हसली. आणि हसता हसता मला आठवलं की शेतघराच्या बाई अडीच वाजता गावच्या स्टेशनवर उभ्या राहणार आहेत. त्यांना फोन करायला हवा. ईमेल त्या वाटेत कशाला बघतील? नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "माझे दोन्ही शब्द इथे चालणार नाहीत."

यावर पाठ नव्हता. चुकीचं तिकीट काढलं तर काय बोलायचं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. आमच्या पुस्तकांत कोणी चुकतच नाही. मी फोन हातात घेतला आणि लावला.

त्या 'आलो' म्हणाल्या, म्हणजे त्यांचं हॅलो. मी जे बोलले ते मराठीत आणायचं तर साधारण असं होतं: "मादाम, मी आहे पुण्याची. मी चूक करते. नाही, केली. ट्रेन चांगला आहे पण आमची नाही. आम्ही जातो लियोंला." वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने ओळ भरून टाकली असती. त्यांनी विचारलं, लियों? पण लियोंला कशाला?

"कारण पुस्तकात तसं आहे," मी म्हटलं.

आणि मग मी सांगत सुटले. टोपीवाला गृहस्थ, पुठ्ठ्याची खिडकी, निळी नखं. शब्द सापडला नाही की दुसरा घ्यायची, तोही सापडला नाही की आवाज काढून दाखवायची. त्या इतक्या हसल्या की फोन बाजूला धरून कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि तिकडे आणखी कोणीतरी हसलं. म्हणाल्या, रिटर्न काढलंय ना? मग काय, नदी बघा, काहीतरी खा आणि परत या. संध्याकाळी गावची लहान ट्रेन मिळणार नाही, मी जंक्शनवर कार घेऊन येते. मला हे सगळं पहिल्या फटक्यात कळलं नाही. मी म्हटलं, सावकाश बोला, पुन्हा सांगा. किती सोपं वाक्य. त्या स्नेहसंमेलनात हे एवढं म्हटलं असतं तर!

फोन ठेवला तेव्हा घामाने माझी ओढणी भिजली होती.

"काय म्हणाल्या?" नवऱ्याने विचारलं.

"कार घेऊन येतायत."

"म्हणजे शेवटी तुझंच झालं," तो म्हणाला आणि पुन्हा गाईंकडे वळला.

लियोंमध्ये आम्ही दोन तास होतो. पुलावर उभं राहून लांबडा पाव खाल्ला आणि मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई!!! नावच तर बदलायचं होतं!" संध्याकाळी परत जंक्शनवर उतरलो तेव्हा आठ वाजत आले होते, तरी ऊन लख्ख होतं. बाहेर एक चेपलेली छोटी कार उभी होती आणि तिला टेकून माझ्याच वयाच्या, पिकल्या केसांच्या, रबरी बूट घातलेल्या एक बाई. त्यांनी माझे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले आणि म्हणाल्या, या, लियोंवाल्या!

नवऱ्याला त्यांनी पुढे बसवलं. तिकडे पुढची उजवी सीट ड्रायव्हरची नसून त्याच्या शेजारी बसणाऱ्याची. बिचारा सवयीने आपल्याकडच्या ड्रायव्हरसारखा बसला, पण समोर स्टिअरिंगच नाही. खिशातलं इंटरनॅशनल लायसन्स त्याने बाईंना दाखवलं. बाईंनी कौतुकाने पाहिलं आणि गाडी सोडली. वळणावळणाचा घाटरस्ता आणि त्या चालवत होत्या वाऱ्यासारखं. मी मागे होते. त्यांनी विचारलं, भारतात मुलं फ्रेंच शिकतात? का शिकतात? मी स्कोअरिंग समजावून सांगायला घेतलं. हे काही साधं काम नव्हतं. क्रियापदांची मी वाट लावली, पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा खून पाडला आणि त्या प्रत्येक वाक्याला "नाही हो!" म्हणून पुऱ्या मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. पुढे नवऱ्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मला मागून स्पष्ट दिसत होतं.

शेवटी त्याला राहवलं नाही. मान वळवून कळवळून म्हणाला, "अगं, दोन मिनिटं तू फ्रेंच बोलायची थांब ना. त्या बाई रस्त्याकडे बघतच नाहीयेत."

मी हे त्यांना भाषांतर करून सांगितलं. त्या खळखळून हसल्या आणि त्याला काय म्हणायचंय ते नीट ऐकायला पुन्हा मागे वळल्या.